उसनवारीचा हिशेब : डेटा सेंटरमधील सर्व्हर आभासीकरणाची आखणी आणि देखभाल

एकाच प्रत्यक्ष सर्व्हरवर अनेक स्वतंत्र सर्व्हर चालत असल्याचा भास निर्माण करणे, आणि त्या प्रत्येकावरील ऑपरेटिंग सिस्टिमला आपणच या यंत्राचे एकमेव मालक आहोत असे वाटत राहील इतका तो भास पक्का ठेवणे, याला सर्व्हर आभासीकरण म्हणतात. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर, ते ज्या प्रत्यक्ष यंत्रावर बसवलेले असते त्याला होस्ट, त्यावर चालणाऱ्या प्रत्येक भासमान सर्व्हरला आभासी यंत्र आणि एकमेकांचा भार उचलू शकणाऱ्या होस्टच्या गटाला क्लस्टर असे म्हटले जाते. व्याख्या सोपी असली तरी मोठ्या संस्थेच्या डेटा सेंटरमध्ये या व्यवस्थेची आखणी करणाऱ्याच्या वाट्याला येणारे काम मुख्यतः हिशेबाचे असते.

बँकेच्या तिजोरीत सर्व ठेवीदारांचे देणे भागेल इतकी रोकड कधीच नसते. सगळे ठेवीदार एकाच दिवशी दाराशी येणार नाहीत या अनुभवावर आणि तरीही बाजूला ठेवलेल्या राखीव रकमेवर तिचा व्यवहार चालतो. हायपरवायझरही आभासी यंत्रांना जेवढे प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क कबूल करतो, तेवढे सगळे त्याच्या हाती बहुधा नसते. ही उसनवारी गैर नाही. आभासीकरणातून होणारी बचत मुख्यतः तिच्यातूनच येते. मात्र कबूल किती केले, हाती किती आहे आणि एक होस्ट बंद पडलेल्या दिवशी मागणी किती येईल, या तीन आकड्यांची वही ज्या डेटा सेंटरमध्ये ठेवली जात नाही, तेथे बचतीचे रूपांतर पुढेमागे थकबाकीत होते. या लेखातील सर्व सूचना त्या वहीभोवती फिरतात.

थोडी पार्श्वभूमी

आभासीकरण ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकात सिस्टिम ३६० या मालिकेवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम ३७० ही प्रणाली ग्राहकांसाठी जाहीर केली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एखादा प्रोसेसर आभासीकरणास योग्य ठरण्यासाठी कोणत्या अटी पाळल्या पाहिजेत हे सूत्रबद्ध केले. त्यांतील मध्यवर्ती अट अशी की, यंत्राच्या अवस्थेवर परिणाम करणारी प्रत्येक संवेदनशील आज्ञा हायपरवायझरच्या नजरेतून सुटता कामा नये. घरोघरी आणि कार्यालयांत पोहोचलेल्या एक्स ८६ घराण्यातील प्रोसेसर ही अट पाळत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अडचणीच्या आज्ञा चालू असतानाच बदलून घेण्याची युक्ती वापरून ती उणीव भरून काढली, तर केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये पुढे आलेल्या झेन प्रकल्पाने पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बदल करण्याचा मार्ग निवडला. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली, २००७ मध्ये केव्हीएम हा हायपरवायझर लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही आला. आज हायपरवायझर कोणताही निवडला तरी प्रोसेसर वाटून देण्याचे मूळ यंत्रकाम जवळजवळ सारखेच आहे. फरक पडतो तो आखणीत, देखभालीत आणि परवान्यांच्या अटींत.

आधी मोजणी, मग खरेदी

आखणीतील पहिली चूक होस्टची निवड होण्याआधीच घडते. जुन्या प्रत्यक्ष सर्व्हरवर जितके प्रोसेसर आणि मेमरी होती तितकीच नव्या आभासी यंत्राला द्यावी, असा सोयीचा नियम अनेक ठिकाणी लावला जातो आणि जुन्या खरेदीतील उधळपट्टी नव्या व्यवस्थेत जशीच्या तशी उतरते. त्याऐवजी विद्यमान सर्व्हरचा प्रत्यक्ष वापर किमान एक संपूर्ण व्यवहारचक्र मोजावा. चक्र म्हणजे केवळ एक महिना नव्हे, तर महिनाअखेर, तिमाहीचे व्याज आकारणे, वर्षअखेरीचा ताळेबंद असे भाराचे शिखर ज्यात येते तो कालावधी. सरासरीवरून यंत्र निवडू नये आणि क्षणभर उसळलेल्या एकमेव शिखरावरूनही निवडू नये. ९५ टक्के वेळ वापर ज्या पातळीच्या आत राहतो ती पातळी आधार धरून शिखराची वेळ आणि कारण वेगळे नोंदवावे.

उदाहरणादाखल एखाद्या मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेचे काल्पनिक चित्र घेता येईल. तिच्याकडे ४ आभासी प्रोसेसर आणि १६ जीबी मेमरी असलेली १४० सर्वसाधारण यंत्रे आणि १६ आभासी प्रोसेसर व १२८ जीबी मेमरी असलेली ८ डेटाबेस यंत्रे आहेत असे मानू. सर्वसाधारण यंत्रांचे ५६० आभासी प्रोसेसर चारास एक या प्रमाणात वाटले तर १४० प्रत्यक्ष कोअर लागतात; डेटाबेस यंत्रांना उसनवारी न करता एकास एक दिले तर १२८ कोअर लागतात. तीन वर्षांत २० टक्के वाढ धरली तर हे आकडे अनुक्रमे १६८ आणि सुमारे १५४ होतात. मेमरीची गरज याच वाढीसह २,६८८ आणि सुमारे १,२२९ जीबी होते. प्रत्येक होस्टमध्ये ३२ कोअरचे दोन प्रोसेसर आणि १,०२४ जीबी मेमरी असून त्यातील ६४ जीबी हायपरवायझर आणि त्याच्या आनुषंगिक कामांसाठी सोडली, तर एका होस्टची वाटपयोग्य मेमरी ९६० जीबी उरते. मग सर्वसाधारण यंत्रांना कोअर आणि मेमरी या दोन्ही बाजूंनी ३ होस्ट लागतात. डेटाबेस यंत्रांना मेमरीसाठी २ पुरले असते, पण कोअरच्या हिशेबाने त्यांनाही ३ लागतात.

या हिशेबात कोअर मोजताना प्रत्यक्ष कोअरच धरले आहेत, ही बाब महत्त्वाची आहे. एका कोअरवर दोन धागे चालवण्याची सोय बहुतेक प्रोसेसरमध्ये असते, परंतु दुसऱ्या धाग्यामुळे मिळणारी वाढ दुप्पट नसून त्याच्या अंशाइतकीच असते. म्हणून तिला राखीव लाभ समजावे, भांडवल समजू नये. तसेच चारास एक हे प्रमाण कोठेही चालणारे शास्त्र नसून केवळ सुरुवातीचा अंदाज आहे, आणि त्याची खातरजमा पुढे सांगितलेल्या प्रतीक्षावेळेच्या मोजमापानेच करावी.

राखीव होस्ट आणि क्लस्टरची विभागणी

वरील ३ आणि ३ होस्ट हे सगळे सुरळीत असलेल्या दिवसाचे गणित झाले. एक होस्ट बंद पडला तरी उरलेल्यांनी सर्व भार उचलावा यासाठी गरजेपेक्षा एक होस्ट अधिक ठेवण्याच्या पद्धतीला उद्योगात एन अधिक एक असे म्हटले जाते. बँकेच्या भाषेत ही रोख राखीव रक्कम होय. दोन स्वतंत्र क्लस्टर केले तर प्रत्येकी ४ असे ८ होस्ट लागतात. सगळी यंत्रे एकाच क्लस्टरमध्ये ठेवली तर सुमारे ३२२ कोअरसाठी ६ होस्ट लागतात आणि एक राखीव धरून ७ पुरतात. मात्र एका होस्टची देखभाल चालू असताना दुसरा बंद पडण्याची शक्यता गृहीत धरून दोन राखीव ठेवले की आकडा पुन्हा ८ वर येतो. होस्टची संख्या सारखीच असेल तर निवड कशावरून करावी, याचे उत्तर बहुधा परवान्यांत सापडते. ज्या डेटाबेसचा परवाना आभासी यंत्र जेथे जेथे जाऊ शकते त्या सर्व कोअरसाठी मागितला जातो, तो संयुक्त क्लस्टरमध्ये ५१२ कोअरसाठी घ्यावा लागेल आणि वेगळ्या क्लस्टरमध्ये २५६ कोअरसाठी. याउलट विंडोज सर्व्हरच्या डेटासेंटर आवृत्तीत होस्टचे सर्व कोअर परवानाबद्ध केल्यावर त्यावर कितीही आभासी यंत्रे चालवता येतात, म्हणून तेथे यंत्रांची दाटी जितकी अधिक तितका दरयंत्री खर्च कमी. त्यामुळे परवान्याचा करार खरेदी विभागाकडे पाठवण्याआधी आखणीच्या मेजावर वाचला गेला पाहिजे.

राखीव क्षमता कागदावर असून भागत नाही. ती क्लस्टरच्या प्रवेश नियंत्रणात बांधून घ्यावी लागते. प्रवेश नियंत्रण म्हणजे राखीव क्षमतेला हात लावल्याशिवाय सुरू होऊ शकणार नाही असे नवे यंत्र सुरू करण्यास नकार देणारा नियम. चार होस्टच्या क्लस्टरमध्ये २५ टक्के आणि आठ होस्टच्या क्लस्टरमध्ये प्रत्येक राखीव होस्टमागे साडेबारा टक्के क्षमता अशी कुलूपबंद ठेवावी. कामाच्या घाईत हा नियम तात्पुरता शिथिल करण्याची विनंती हमखास येते, आणि तात्पुरती शिथिलता मागे घेण्याची आठवण फारशी कोणाला राहत नाही.

होस्ट एकाच रॅकमध्ये ठेवणे, दोन्ही वीजपुरवठे एकाच यूपीएसला जोडणे किंवा एकाच सेवेची दोन जुळी यंत्रे एकाच होस्टवर चालू देणे, या तीन गोष्टींमुळे राखीव होस्टचा उपयोग नाहीसा होतो. जुळ्या यंत्रांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचा नियम प्रत्येक प्रमुख हायपरवायझरच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो आणि तो यंत्र तयार करतानाच लावावा. शिवाय चालू यंत्र एका होस्टवरून दुसऱ्यावर नेण्यासाठी दोन्हीकडील प्रोसेसरची वैशिष्ट्ये जुळावी लागतात. इंटेलवरून एएमडीवर चालते यंत्र नेता येत नाही, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्यांमध्ये न्यायचे असल्यास क्लस्टरची पातळी जुन्या पिढीइतकी मर्यादित ठेवावी लागते. पुढील खरेदीत वेगळा प्रोसेसर घ्यायचा असेल तर त्यासाठी वेगळा क्लस्टर गृहीत धरावा.

प्रोसेसर आणि मेमरी

आभासी यंत्र मंद चालते अशी तक्रार आली की त्याला आणखी प्रोसेसर देण्याचा मोह होतो, आणि तो पुष्कळदा उलटतो. यंत्राचे प्रोसेसर जितके अधिक, तितके कोअर त्याला जवळजवळ एकाच वेळी मोकळे मिळावे लागतात. गर्दीच्या होस्टवर असे यंत्र रांगेत अधिक काळ उभे राहते आणि आपल्या रुंदीने शेजाऱ्यांचाही खोळंबा करते. यंत्र काम करण्यास तयार आहे पण कोअर मिळत नाही, या अवस्थेत गेलेल्या वेळाला व्हीएमवेअरच्या परिभाषेत रेडी टाइम आणि लिनक्समध्ये स्टील टाइम म्हणतात. वीस सेकंदांच्या मोजणीत एका आभासी प्रोसेसरचा १,००० मिलिसेकंद वेळ असा गेला तर ती ५ टक्के प्रतीक्षा होय. सर्वसाधारणपणे ५ टक्क्यांवर चौकशी आणि १० टक्क्यांवर कृती, असा दंडक ठेवावा. होस्टचा वापर ६० टक्के दिसत असतानाही प्रतीक्षा वाढलेली असू शकते, म्हणून केवळ वापराच्या टक्केवारीवर विसंबू नये.

दोन प्रोसेसरच्या होस्टमध्ये मेमरीही दोन भागांत विभागलेली असते आणि प्रत्येक प्रोसेसरला स्वतःच्या भागातील मेमरी लवकर, तर दुसऱ्याच्या भागातील उशिरा मिळते. या रचनेला न्यूमा म्हणतात. वरील उदाहरणातील होस्टमध्ये एका भागात ३२ कोअर आणि ५१२ जीबी मेमरी येते. सोळा प्रोसेसरची दोन डेटाबेस यंत्रे एका भागात नीट बसतात, पण ४० प्रोसेसरचे एखादे यंत्र दोन भागांवर पसरते आणि त्याचा वेग त्यातील सॉफ्टवेअर ही रचना ओळखते की नाही यावर अवलंबून राहतो. यंत्राचा आकार शक्य तेथे एका भागात मावेल इतकाच ठेवावा.

प्रोसेसरची उसनवारी वेळेची असल्यामुळे ती थोड्या विलंबाने फेडली जाते. मेमरीची उसनवारी तशी फेडता येत नाही, कारण वापरातील मेमरी दुसऱ्याला द्यायची तर तिच्यातील मजकूर कोठेतरी हलवावा लागतो. हायपरवायझरकडे यासाठी एकाहून एक वाईट होत जाणारे उपाय असतात. अनेक यंत्रांतील सारखी पाने एकदाच साठवणे हा पहिला. मात्र त्यातून एका यंत्राला दुसऱ्याच्या गुप्त किल्लीचा अंदाज घेता येऊ शकतो असे संशोधकांनी दाखवून दिल्यावर २०१४ मध्ये व्हीएमवेअरने यंत्रायंत्रांमधील अशी भागीदारी मुळातच बंद ठेवण्याचे धोरण स्वीकारले. यंत्राच्या आत फुग्यासारखा एक ड्रायव्हर फुगवून त्याच्याच ऑपरेटिंग सिस्टिमला बिनवापराची पाने सोडायला लावणे हा दुसरा, पाने दाबून लहान करणे हा तिसरा आणि ती डिस्कवर फेकणे हा शेवटचा उपाय. चौथ्या पायरीवर पोहोचलेले यंत्र चालू दिसते, पण कामाचे उरत नाही. म्हणून उत्पादन क्लस्टरमध्ये मेमरीची उसनवारी टाळावी, डेटाबेस यंत्रांची मेमरी पूर्णपणे आरक्षित करावी आणि उसनवारीचा प्रयोग चाचणी क्लस्टरपुरता मर्यादित ठेवावा.

स्टोरेज

स्टोरेजची आखणी करताना जागा शेवटी आणि प्रतिसादाचा वेळ आधी पाहावा. स्वतंत्र स्टोरेज पेटी फायबर चॅनल, आयस्कझी किंवा एनएफएसने जोडणे आणि होस्टमधील डिस्कच सॉफ्टवेअरने एकत्र बांधून सामायिक करणे, असे दोन मुख्य मार्ग आहेत. दुसऱ्या मार्गात खरेदी सोपी होते, परंतु प्रत्येक माहितीच्या प्रती ठेवाव्या लागत असल्याने विकत घेतलेली जागा आणि वापरता येणारी जागा यांत मोठा फरक पडतो. दोन प्रती ठेवल्यास निम्मी, आणि सेफ या मुक्त प्रणालीच्या मूळ रचनेप्रमाणे तीन प्रती ठेवल्यास एक तृतीयांश जागाच हाती येते. शिवाय एक होस्ट गेल्यावर त्याच्यावरील प्रती इतरांवर पुन्हा बांधण्यासाठी मोकळी जागा लागते, म्हणून किमान संख्येवर समाधान न मानता एक होस्ट अधिक घ्यावा.

यंत्राला १ टीबी कबूल करून प्रत्यक्षात लिहिले जाईल तितकीच जागा देण्याच्या पद्धतीला थिन प्रोव्हिजनिंग म्हणतात. ही उसनवारी उपयोगी आहे, पण जागा संपल्याचा झटका तेथील सगळ्या यंत्रांना एकदम बसतो. प्रत्यक्ष जागेच्या ७५ टक्क्यांवर सूचना आणि ८५ टक्क्यांवर नवीन वाटप बंद, असा नियम आधीच ठरवून घ्यावा आणि पुसलेली जागा स्टोरेजला परत मिळते की नाही याची चाचणी करावी. सरासरी प्रतिसाद १० मिलिसेकंदांच्या आत असणे समाधानकारक, तर २० च्या वर सातत्याने राहणे तपासणीस पात्र मानावे. रात्री एकाच ठोक्याला सर्व यंत्रांची अँटिव्हायरस तपासणी आणि बॅकअप सुरू होणे हे अशा विलंबाचे अगदी नेहमीचे कारण असते. वेळा पसरवून दिल्या तर नवी डिस्क न घेता प्रश्न सुटतो.

नेटवर्क

एका होस्टच्या दोन नेटवर्क कार्डांवरून व्यवस्थापन, चालत्या यंत्रांचे स्थलांतर, स्टोरेज आणि वापरकर्त्यांची ये-जा अशा चार प्रकारची वाहतूक जाते. ती व्हीलॅनने, म्हणजे एकाच नेटवर्कच्या क्रमांकित आभासी विभागांनी, वेगळी करावी आणि प्रत्येक वाहतूक दोन भिन्न कार्डांवरून दोन भिन्न स्विचकडे जाईल अशी जोडणी करावी. एकाच कार्डाची दोन पोर्ट ही खरी दुहेरी सोय नव्हे. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा असल्यामुळे वापरता येणारे क्रमांक ४,०९४ इतकेच आहेत, जे एका संस्थेला बहुधा पुरतात; अनेक ग्राहकांना सेवा देणाऱ्या डेटा सेंटरांसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅन या पद्धतीत २४ बिटांचा क्रमांक असून सुमारे १ कोटी ६८ लाख विभाग करता येतात. केवळ नवेपणासाठी ही गुंतागुंत ओढवून घेऊ नये.

स्थलांतराचा वेग मात्र देखभालीच्या वेळापत्रकावर थेट परिणाम करतो. चालते यंत्र हलवताना त्याची मेमरी दुसरीकडे उतरवली जाते, तोवर बदललेली पाने पुन्हा पाठवली जातात आणि शिल्लक फार थोडी राहिली की यंत्र क्षणभर थांबवून पलीकडे चालू केले जाते. ९०० जीबी मेमरी वापरात असलेला होस्ट रिकामा करण्यास सेकंदाला १ गिगाबिट वेगाने उत्तम परिस्थितीतही दोन तास लागतात, तर २५ गिगाबिट वेगाने सुमारे पाच मिनिटे. आठ होस्टना पॅच लावायचे असतील तर पहिल्या वेगात ते काम रात्रीत संपत नाही, आणि म्हणून पुढे ढकलले जाते. सुरक्षेतील अनेक त्रुटी याच पुढे ढकलण्यातून जन्म घेतात.

सुरक्षा

प्रत्यक्ष सर्व्हर फोडणाऱ्याच्या हाती एक सर्व्हर लागतो. हायपरवायझर फोडणाऱ्याच्या हाती त्यावरील सगळी यंत्रे लागतात. २०१५ मध्ये उघड झालेली व्हेनम ही त्रुटी यंत्रांची उपकरणे भासवणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये होती, म्हणजे ज्या उपकरणाची कोणालाही गरज उरली नव्हती त्याच्या वाटेने यंत्रातून होस्टमध्ये शिरता येत होते. त्यावरून बिनगरजेची आभासी उपकरणे काढून टाकण्याचा धडा मिळतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये व्हीएमवेअरच्या इएसएक्सआय या हायपरवायझरच्या होस्टना लक्ष्य करणाऱ्या खंडणीखोर हल्ल्याच्या लाटेत इंटरनेटवर उघडे असलेले आणि जवळपास दोन वर्षांपूर्वी उपलब्ध झालेले पॅच न लावलेले होस्ट सापडले. म्हणून व्यवस्थापनाचे नेटवर्क इंटरनेटपासून आणि कर्मचाऱ्यांच्या संगणकांपासूनही तोडून ठेवावे, तेथे केवळ एका मधल्या नियंत्रित यंत्रातून आणि दुहेरी ओळख पटवूनच प्रवेश द्यावा, न लागणाऱ्या सेवा बंद कराव्यात आणि प्रशासकाचे खाते नित्याच्या कामाच्या खात्याहून वेगळे असावे. २०१८ मध्ये समोर आलेल्या प्रोसेसरमधील त्रुटींनी एकाच कोअरच्या दोन धाग्यांवरील भिन्न यंत्रांमध्येही माहिती झिरपू शकते हे दाखवले. अत्यंत संवेदनशील आणि परकी यंत्रे एका क्लस्टरमध्ये न मिसळणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

भारतातील संस्थांना यासोबत सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचे भान ठेवावे लागते. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपणे आणि सर्व घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळलेली ठेवणे, या बाबी त्यांत येतात. आभासी यंत्राचे घड्याळ स्थलांतरात किंवा विराम दिल्यावर सरकू शकते, म्हणून यंत्राने वेळ होस्टकडून घ्यायची की वेळेच्या सर्व्हरकडून, हे एकदाच ठरवावे. दोन्हींकडून घेऊ देऊ नये.

बॅकअप आणि आपत्तीची तयारी

स्नॅपशॉट म्हणजे यंत्राच्या डिस्कची त्या क्षणाची अवस्था गोठवून पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची सोय. मूळ डिस्क गेली की ती बदलांची फाइल एकटी निरुपयोगी ठरते, म्हणून स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे. तो पॅच लावण्यापूर्वी घ्यावा, काम झाल्यावर काढावा आणि व्हीएमवेअरच्या स्वतःच्या सल्ल्याप्रमाणे ७२ तासांपेक्षा अधिक ठेवू नये. अधिक काळ राहिलेली फाइल फुगत जाते आणि तिचे विलीनीकरण करताना यंत्र अडखळते.

खरा बॅकअप तीन प्रतींचा, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक प्रत अन्यत्र, असा असावा. त्यांतील किमान एक प्रत ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता येणार नाही अशी असावी, आणि बॅकअप सर्व्हरची खाती संस्थेच्या नेहमीच्या लॉगिन व्यवस्थेपासून वेगळी ठेवावीत, कारण खंडणीखोर हल्लेखोर आधी बॅकअपच नष्ट करतो. डेटाबेस यंत्राचा बॅकअप घेताना त्याच्या लेखनाला क्षणभर विराम देऊन सुसंगत प्रत घेतली जाते याची खात्री करावी. दर तिमाहीत काही यंत्रे प्रत्यक्ष परत उभी करून पाहावीत. उभा करून न पाहिलेला बॅकअप वहीत जमा धरू नये.

दुसऱ्या डेटा सेंटरचे अंतर ठरवताना दोन प्रश्न विचारावेत : आपत्तीत किती मिनिटांची माहिती गमावणे परवडेल, आणि किती वेळात सेवा पुन्हा सुरू व्हावी. प्रकाशाला ऑप्टिकल तारेतून १०० किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो, आणि दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या समकालिक पद्धतीत प्रत्येक लेखनावर तो विलंब पडतो. त्यामुळे समकालिक जोडी जवळची असावी लागते आणि दूरचे केंद्र काही मिनिटे मागे चालते. नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात दोन्ही केंद्रे ठेवणे विलंबाच्या दृष्टीने उत्तम, पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात ग्रीड कोसळून वीज गेली, या दोन तारखा एकाच महानगरावर विसंबणाऱ्या आखणीला पुरेसे उत्तर देतात. जवळ समकालिक आणि दूर, भिन्न भूकंपक्षेत्रात, असमकालिक अशी तिहेरी मांडणी खर्चिक असली तरी बँकेसारख्या संस्थेस तीच योग्य ठरते.

यंत्रांची नोंद आणि बाहेर पडण्याची वाट

आभासी यंत्र तयार करण्यास काही मिनिटे लागत असल्यामुळे ते विनाकारणही तयार होते. मालक कोण, कशासाठी, केव्हापर्यंत आणि किती महत्त्वाचे, ही चार उत्तरे नोंदवल्याशिवाय यंत्र देऊ नये. मुदत संपलेले यंत्र आधी बंद करावे, ठरावीक दिवस वाट पाहावी आणि मग बॅकअप ठेवून काढून टाकावे. नवी यंत्रे प्रमाणित साच्यातून तयार करावीत आणि तो साचा दर महिन्याला पॅच लावून ताजा ठेवावा. क्लस्टरची रचना लिखित आज्ञावलीच्या रूपात जपली तर कोणी काय बदलले हे शोधता येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरचे अधिग्रहण पूर्ण केले आणि त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी पद्धत आणली. अनेक संस्थांना केव्हीएमवर आधारित प्रॉक्समॉक्स, न्यूटॅनिक्सचा एएचव्ही किंवा हायपर-व्ही यांचा विचार त्यानंतर नव्याने करावा लागला. या घटनेतून एखादे उत्पादन चांगले वा वाईट ठरत नाही. स्थलांतराची तयारी ही आखणीचाच भाग असली पाहिजे एवढे मात्र ठरते. डिस्कचे स्वरूप बदलणारी साधने उपलब्ध आहेत, पण विंडोज यंत्रात नव्या हायपरवायझरचे ड्रायव्हर हलवण्यापूर्वीच बसवले नाहीत तर ते पलीकडे सुरूच न होण्याचा धोका असतो. दहा बिनमहत्त्वाची यंत्रे दुसऱ्या हायपरवायझरवर नेऊन वर्षभर चालवली तर बॅकअप, देखरेख आणि कर्मचाऱ्यांचे कौशल्य यांतील खऱ्या अडचणी कराराचे नूतनीकरण येण्याआधी समजतात.

शून्यातून सुरुवात

संपूर्ण डेटा सेंटर बंद पडून पुन्हा सुरू करण्याच्या दिवशी आखणीची खरी परीक्षा होते, कारण त्या दिवशी सर्व परस्परावलंबने एकदम समोर येतात. व्यवस्थापन सर्व्हर हे स्वतःच एक आभासी यंत्र असते, त्यात शिरण्यासाठी लॉगिनची सेवा लागते, ती सेवा दुसऱ्या आभासी यंत्रावर असते, होस्टची नावे सांगणारा डीएनएस तिसऱ्यावर असतो आणि सगळ्यांचे पासवर्ड ज्या तिजोरीत आहेत ती चौथ्यावर. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी ही अवस्था होते. ती टाळण्यासाठी एक डीएनएस आणि एक लॉगिन सर्व्हर क्लस्टरबाहेर ठेवावा, व्यवस्थापन सर्व्हर कोणत्या ठरावीक दोन होस्टवरच असेल हे निश्चित करावे आणि होस्टचे स्थानिक पासवर्ड मोहोरबंद पाकिटात जपावेत. वीज, नेटवर्क, स्टोरेज, होस्ट, डीएनएस आणि वेळ, लॉगिन, व्यवस्थापन सर्व्हर, डेटाबेस, मग अनुप्रयोग, असा सुरू करण्याचा क्रम नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांकांसह लिहून ठेवावा.

हा क्रम संस्थेच्या अंतर्गत संकेतस्थळावर असेल तर त्या दिवशी तो वाचता येणार नाही, कारण ते संकेतस्थळही एका आभासी यंत्रावरच असते. त्याची छापील प्रत डेटा सेंटरच्या दाराआत लावावी, तिच्यावर तारीख घालावी आणि वर्षातून एकदा त्या कागदावरूनच, सुटीच्या दिवशी, एक क्लस्टर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. कागदातील चुका त्याच वेळी पेनाने दुरुस्त कराव्यात. पुढील वर्षाची वही तेथून सुरू होते.